व्यवसाय: गृहिणी

शस्त्रक्रियांच्या यादीत व्हर्ना केचमचं नाव खोडून दुसऱ्या डॉक्टरच्या रकान्यात लिहिलेलं होतं. इनेझने चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

आधी डॉक्टर लिंडक्विस्ट, मग डॉक्टर फॉसडिक. बदल शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळचा.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाच्या या गावात इनेझ बर्कहॉल्टर वीस वर्षं नर्स होती. आता ती एका वकिलासाठी चौकशा करायची. फॉसडिकचे हात थरथरतात, हे हॉस्पिटलात झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. पित्ताशय काढताना त्याने भलतीच नळी कापली आणि एकसष्ट वर्षांची व्हर्ना चौथ्या दिवशी गेली.

"तीन वकिलांनी वाटेला लावलं," व्हर्नाची मुलगी टॅमसिन चिडून म्हणाली. "म्हणे, यातनांची भरपाई कायद्याने अडीच लाख डॉलरवर अडवलीय. ती तज्ज्ञांच्या साक्षींतच संपते. बुडालेल्या कमाईला मर्यादा नाही, पण गृहिणीला कसली कमाई?"

"गृहिणी कोण म्हणालं?"

"आईनेच लिहिलं होतं, हॉस्पिटलच्या भरतीच्या फॉर्मवर."

तेवढ्यात फोन वाजला. "नाही हो, ती गेली," म्हणून टॅमसिनने ठेवला. "गुरांच्या बाजारातून. रोज कुणीतरी तिलाच मागतं. बाबा वासरू विकायलाही कधी गेले नाहीत."

मग ती इनेझकडे वळली. "तुमचा वकील तरी लढेल ना, बाई? त्या फॉसडिकने कोर्टात उभं राहून जबाब द्यावा, एवढंच हवंय मला."

"आधी डॉक्टर कुणी बदलला ते शोधू दे."

हॉस्पिटलातल्या जुन्या मैत्रिणीने वर्षभराच्या याद्या चोरून दाखवल्या होत्या. अशा अदलाबदली बारा वेळा झाल्या होत्या. गाव लहान, इनेझ एकेका नावापुढे माणसाचा धंदा लिहीत गेली. बारावं नाव लिहून तिने यादी पुन्हा वरून वाचायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दोघी क्रँडलच्या खोलीत बसल्या. हॉस्पिटलवरचे दावे आणि विमा हा माणूस सांभाळायचा.

"डॉक्टर का बदलला?" इनेझने विचारलं.

"लिंडक्विस्ट रजेवर होते."

"त्याच सकाळी शेजारच्या खोलीत त्यांनी एका वेल्डरचं ऑपरेशन केलं. तो आधी फॉसडिकच्या यादीत होता."

"मग फॉसडिकनेच मागून घेतलं असेल. डॉक्टरांचं डॉक्टर जाणोत."

"डॉक्टरांच्या यादीत नाव, वय आणि आजार असतो. व्यवसाय नसतो, साहेब. तो फक्त भरतीच्या फॉर्मवर असतो, आणि तो फॉर्म तुमच्याच टेबलावर येतो."

क्रँडलने समोरची फाईल मिटली.

"फॉसडिककडे कोण ढकलले गेले? चार निवृत्त म्हातारे, एक शाळकरी मुलगी, बाकी गृहिणी. त्याच्या हातून कोण सोडवले गेले? वेल्डर, मास्तर, बँकेतला माणूस. पगारवाला मेला तर बुडालेल्या कमाईचा दावा कितीही मोठा होतो. बिनपगारी मेला तर अडीच लाखांच्या वर काही नाही, मग वकील फिरकतही नाही. फॉसडिकला घरी बसवायचं सोडून तुम्ही त्याला स्वस्तातली माणसं पुरवलीत."

टॅमसिन उठून उभी राहिली. इनेझने तिचं मनगट घट्ट धरलं.

"समजा, केलं," क्रँडल शांतपणे म्हणाला. "फॉसडिक गेला तर एकट्या लिंडक्विस्टवर शस्त्रक्रियांचा विभाग चालत नाही, बंद पडतो. आणि बाई, कायदा मी नाही केला. करा दावा. अडीच लाखांसाठी कोण येतंय बघू."

"तिथेच फसलात. तुम्ही शहरातून आलात. इथली प्रत्येक गुरंवाली बाई फॉर्मवर गृहिणीच लिहिते. माझी आईही लिहायची. नवऱ्याचं नाक वर राहावं म्हणून." इनेझने कागद पुढे सरकवले. "जमीन व्हर्नाची. सहाशे गाईंच्या विक्रीवर सही तिची. आयकर तिच्या नावाने. पुढच्या पंधरा वर्षांची कमाई बुडाली, आणि तिला कायद्याची मर्यादा नाही. माझ्या वकिलाने सकाळीच केस घेतली. त्या याद्या आता कोर्टच मागवेल."

क्रँडलच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याने फोनकडे हात नेला, पण नंबर काही फिरवला नाही.

बाहेर गाडीपाशी आल्यावर टॅमसिन थांबली. "बाई, आई खरंच नुसती गृहिणी असती तर?"

इनेझला खोटं बोलवेना.

"तर माझा वकील तुला वाटेला लावणारा चौथा ठरला असता."