नागव्वाकडची दुसरी पोरगी

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

एवढंच सांगते... माझ्या आईची मावशी मायाक्का थापा मारणाऱ्यातली नव्हती. आणि हे तिच्या स्वतःच्या बाबतीत घडलंय. सोलापुरात. १९२८ च्या उन्हाळ्यात.

रात्री नाही. भर दुपारी.

मायाक्का तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची, मैंदर्गी गावची. तिची आई बाळाबाई देवळात नाचायची. त्या वर्षीच्या जत्रेत मुलीनं पहिल्यांदा नाचायला उभं राहायचं होतं, म्हणून तिला सोलापूरला नागव्वाच्या घरी शिकायला ठेवलं होतं.

नागव्वा म्हणजे एके काळची नावाजलेली नाचणारी. आता म्हातारी, दोन्ही डोळे गेलेले. पण कान भलते तिखट. टाचेआधी चवडा टेकला तरी तिला कळायचं. पुढ्यात लाकडी पाट घेऊन बसायची, त्यावर काठीनं ताल द्यायची आणि तोंडानं बोल म्हणायची.

घरात दोघीच. आजूबाजूला विणकरांचे माग दिवसभर खडखडायचे. जेवणाच्या वेळी ते थांबले की गल्ली एकदम गप्प व्हायची. नागव्वा तेव्हाच शिकवायला बसायची.

त्या दुपारी काठी मध्येच थांबली.

"यारु?" नागव्वानं कानडीत विचारलं. "कोन हाय तुज्या मागं?"

मायाक्कानं वळून बघितलं. मागं भिंत होती.

"कोन न्हाय, अव्वा."

"मग चाळ दोन जोड कसे वाजत्यात?"

मायाक्काला वाटलं, झालं... आता कानही गेले.

पण दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर नागव्वा खुशीत हसली.

"तिचा पाय ऐक. लई साफ हाय. तुजा निस्ता फरफटतोय."

मायाक्काला भीती नाही वाटली. राग आला. जत्रा तोंडावर आलेली आणि अव्वा रिकाम्या भिंतीला शिकवतीये! जत्रेत फजिती झाली तर आईची देवळातली जागा दुसऱ्या कुणाला मिळणार होती.

तिनं ठरवलं, म्हातारीची खात्रीच करून द्यायची.

"अव्वा, तुमी ताल द्या. मी हलनारच न्हाय."

ती खाली बसली. पायातले चाळ दोन्ही मुठींत घट्ट धरले.

काठी पडली. तै या तै...

मागून आवाज आला.

छन्... छन्... छन्.

अगदी तालात.

मायाक्काला मान वळवायची हिंमत होईना.

"तिचा हात खाली पडतोय," नागव्वा पुटपुटली. काठी ठेवून उठली. चाचपडत मायाक्काच्या शेजारून तिच्या मागं गेली आणि हवेत हात घातला. मायाक्कानं आता वळून बघितलं.

तिची बोटं मिटली... पण पुरती मिटली नाहीत.

मनगट धरावं तशी, मध्येच अडली.

"किती गार हाय गं हात," नागव्वा म्हणाली. "नाव काय तुजं?"

नागव्वानं कान पुढं केला. काहीतरी ऐकलं. आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"मायाक्का, घरी जा."

"अव्वा, काय म्हनली ती?"

"जा म्हनते की! पळ!"

मायाक्का तशीच अनवाणी, चाळांसकट पळाली. शेजारच्या विणकराच्या बायकोनं तिला घरात घेतलं आणि मैंदर्गीला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी बाळाबाई आली तेव्हाही दुपारच होती. माग थांबलेले. नागव्वाचं दार आतून बंद होतं.

आत काठी वाजत होती. चाळही वाजत होते.

"अव्वा, दार उघडा!" बाळाबाईनं हाका मारल्या. शेवटी विणकरानं खांदा लावून कडी मोडली.

काठीचा आवाज तिथंच थांबला.

खोलीच्या मधोमध नागव्वा पायात जुने चाळ बांधून, गुडघे वाकवून, हात छातीशी धरून उभी होती. अंग घामानं निथळत होतं. तळपाय फुटून फरशीवर रक्ताचे ठसे उमटले होते.

काठी पाटाजवळ पडली होती. तिथं कुणी नव्हतं.

बाळाबाई तिला धरायला धावली.

"नगं," नागव्वा कुजबुजली. "तिनं अजून थांब म्हनलं न्हाय."

तिला गाडीत घालून मैंदर्गीला नेलं. पुढं बरीच वर्षं ती बाळाबाईकडेच राहिली. ती दुसरी पोरगी कोण होती, तिनं नाव काय सांगितलं... नागव्वा मरेपर्यंत बोलली नाही. मायाक्का जत्रेत कधी उभी राहिलीच नाही. तिनं नाच सोडला, तो कायमचा.

फक्त एक होतं. रोज दुपारी नागव्वा मायाक्काला बोलावून घ्यायची आणि स्वतःचे पाय खाटेला बांधून घ्यायची.

मायाक्कानं मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "पाय बांधले की नाच थांबायचा का गं?"

"पाय थांबायचे," ती म्हणाली. "चाळ न्हाय."

पुढचं मला विचारवलं नाही.