दोन ठिकाणी एकच मॉनिटर

ओरडून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं बोलत असेन तर जीभ झडो माझी!

ओरुरो शहरातल्या इस्पितळात भरदुपारी नर्स सातुर्निना किंचाळल्या. काचपेटीतलं, दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं पोर निळं पडलं होतं. त्यांनी तळपायाला टिचक्या मारल्या, तेव्हा कुठे श्वास आला. धोक्याची घंटा वाजलीच नव्हती. त्यांच्या टेबलावरचा पडदा काळाठिक्कर.

नेटवर्क बघणारी विल्मा किस्बेर्त धावत आली.

"परवासारखंच, इंजिनिअरबाई! आणि कारभारी ओर्माचेआसाहेब म्हणतात, मीच झोपेत केबल उपटते. मला काढतील हो. पण हे पोर? पुढच्या वेळी मी इथे नसले तर?"

इस्पितळाचा स्विच, म्हणजे सगळ्या यंत्रांच्या केबली जिथे येतात ती नेटवर्कची पेटी, दरवानच. जोडलेल्या यंत्राला ओळख विचारायची, ओळखीचं असेल तर त्याच्या विभागात बसवायचं, परकं असेल तर पाहुण्यांच्या संथ लाईनवर ढकलायचं. बाळाचा श्वास मोजणारा हा मॉनिटर जुना. पाठीवर चिकटवलेला नंबर, एवढीच त्याची ओळख.

तिने स्वतःच मॉनिटरची केबल काढली. मग लॅपटॉपवर बघितलं.

केबल तिच्या हातात होती. तरी स्विच म्हणत होता, मॉनिटर जोडलेला आहे.

"आई गं! भूत?" सातुर्निनांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"गप्प बसा हो! या मॉनिटरला कागदी माळ कोणी बांधली?"

"मंगळवारी कार्निव्हलची पूजा नव्हती का? सगळ्या यंत्रांना माळा, वर दारूचे थेंब. याला साहेबांनीच बांधली. मागे वाकून फोटोही काढला."

"यंत्राच्या पाठीचा?"

केबल परत जोडून, पोराजवळ दुसरी नर्स बसवून दोघी वर गेल्या. ओर्माचेआच्या खोलीत टेबल, खुर्ची, प्रिंटर, सगळ्याला माळा. फक्त भिंतीवरचा टीव्ही बोडका. त्यावर मॅच चालू.

"हा टीव्ही मंगळवारनंतर आला ना, साहेब?" विल्माने विचारलं.

"मग? टीव्ही ठेवायचीही चोरी?"

"स्विचने त्याला पाहुण्यांत टाकलं. तिथे चित्र अडकायचं. ला पास शहरातल्या डॉक्टरांशी बोलायला बाळांच्या विभागाला वेगवान लाईन आहे, तुम्हाला ठाऊक होतं. फोटोतला नंबर तुम्ही टीव्हीला दिलात. एका नावाची दोन यंत्रं झाली, स्विच गोंधळला. टीव्ही लागला की बाळाची खबर इथे यायची, टेबलावर नाही. घंटा मुकी. खाली केबल माझ्या हातात होती, तेव्हा 'मॉनिटर' याच भिंतीवरून स्विचशी बोलत होता."

सातुर्निनांनी टीव्हीची वायर हिसकून काढली. खाली नर्सने चाचणी घेतली, घंटा खणखणली.

ओर्माचेआ ओक्साबोक्शी रडला.

बरं बाई, एवढंच पदरचं घातलं. तो रडला नाही. "पोर जगलं ना? मग?" म्हणाला.