ताकाच्या पिशव्यांमागची बाटली

"ओ मॅडम, एवढं तुमच्या फ्रिजात ठेवता का?"

उज्वलानं मान वर केली. लातूरच्या मैदानासमोरच्या तिच्या डेअरीत लोक फ्रिजातलं न्यायला येत. ठेवायला आलेला हा पहिलाच. अंगठ्याएवढी काचेची बाटली पुढं करून एक देखणा पोरगा लंगडत उभा.

"दारू हाय का?"

"पेप्टाईडचं इंजेक्शन हाय. टाचेची शीर दुखावलीय, ती सांधतंय म्हणे. जिमवाल्यानं दिलं. खोलीवर फ्रिज न्हाई."

"ह्याच्यावर तर लिहिलंय, संशोधनासाठी… माणसाला टोचू नये."

"मी कुठं माणूस? भरतीवाला हाय."

गिऱ्हाईकासाठी हसणं वेगळं आणि हसू फुटणं वेगळं. उज्वलाला फुटलं.

वैजनाथ कंधारकडचा. पोलीस भरतीचं वय यंदा संपत होतं. धावला तर वर्दी, नाहीतर गाव. रोज संध्याकाळी तो यायचा. ताकाच्या पिशव्यांमागून ती बाटली काढायची. देता-घेता बोटाला बोट लागायचं… बाटली गार, बोटं गरम.

"लवकर बरे व्हा, फौजदारसाहेब."

"बरा झालो तर इकडं कशाला येईन?"

मग ऐन उन्हाळ्यात गल्लीचा डीपी जळाला. लाईट दोन दिवस गेली. नासलेलं दूध उज्वलानं गटारात ओतलं. बाटली मात्र ओतवेना. सांगावं, तर तो दुसरा फ्रिज शोधणार… लाईट आली, बाटली पुन्हा गार झाली. तिनं ती मुकाट त्याच्या हातात ठेवली.

टोचलेली टाच सुजली, पू झाला. डॉक्टरांनी शीरच कापून काढली. "त्या बाटलीत मुळात काय होतं, देव जाणे," म्हणाले. पाय वाचला, धाव गेली. मैदानी चाचणीच्या दिवशी तो दवाखान्यात पडून होता, आणि उद्या बाप गावाकडं न्यायला येणार होता.

उज्वला खाटेजवळ उभी राहिली. "बाटली गरम झालती. मी बोलले न्हाई… तुम्ही दुसरीकडं ठेवाल म्हणून."

"माहीत होतं."

"काय?"

"गल्लीत माझीबी खोली हाय, मॅडम. लाईट काय तुमचीच गेलती?"

"मग टोचलं कशाला?"

वैजनाथनं नजर पंख्याकडं वळवली. "फेकली असती तर… यायला निमित्त काय राहिलं असतं?"

"ताक प्यायला यायचं की ओ!" तिचा आवाज फाटला. "ताकाला कुठं कुणी निमित्त विचारतंय?"

त्यानं हात पुढं केला. बोटाला बोट लागलं. मधे आता बाटली नव्हती.