मेधाची जागा

कुकटपल्लीहून अफझलगंजची बस पकडायची, तर आधी खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा आणि मग दारातून चढायचं. "रुमाल पडला म्हणजे माणूस येणारच. मग कुणाची बिशाद आहे तिथं बसायची!" कौस्तुभनं ही रीत इंग्रजीत समजावली, तेव्हा पडद्यावरचा फिनलंडचा अख्खा वर्ग हसला.

गोष्ट दोन हजार एक सालची. विद्यापीठात नवाकोरा कॅमेरा आला होता. दर गुरुवारी दुपारी दोन देशांची पोरं एकमेकांना आपापल्या चालीरीती शिकवायची. आवाज उशिरा पोचायचा, चित्र अडखळायचं, पण पोरं जाम खूश.

कौस्तुभशेजारच्या खुर्चीवर मात्र पिवळा रुमाल असे, कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचा पोपट. तो त्याच्या बहिणीचा, मेधाचा. स्कूटरवरून पडल्यापासून ती सिकंदराबादच्या इस्पितळात बेशुद्ध होती. ती उठेल, इथं येऊन बसेल, एवढ्याच आशेवर पोरगा तग धरून होता. वर्ग घेणाऱ्या मंगला मॅडमनी तो रुमाल कुणाला हलवू दिला नाही.

"तुमची ती वेणीवाली मुलगी किती छान बोलते!" एकदा तिकडच्या शिक्षिका आइनोबाई म्हणाल्या.

मॅडमनी वर्गावर नजर फिरवली. "कोण वेणीवाली?"

"ती काय, कौस्तुभशेजारी."

तिथं नुसता रुमाल होता. कौस्तुभच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि खरं सांगायचं तर त्याला आनंदही झाला. संध्याकाळी इस्पितळात तो मेधाच्या कानाशी वाकला. "मेधे, वर्गात येतेस म्हणे? मग घरीच ये की गं. नक्को ना असा हट्ट करू."

तिची पापणीसुद्धा हलली नाही. चार दिवसांनी ती गेली.

तेरावं उरकून कौस्तुभ वर्गात आला. खुर्चीवर रुमाल नव्हता.

"मी नाही रे हात लावला," मॅडम हळूच म्हणाल्या.

पडदा उजळला. तिकडच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होतं. आइनोबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, त्या हसत होत्या.

"तुमची रीत आम्ही उचलली हं! तुझ्या बहिणीनंच शिकवली."

कॅमेरा वळला. शेवटच्या रांगेत दोन रिकाम्या खुर्च्या. एकीवर पिवळा रुमाल, कोपऱ्यात हिरवा पोपट.

"ही तिची. आणि शेजारची तिनं तुझ्यासाठी धरलीय."

त्या खुर्चीवर निळ्या काठाचा पांढरा रुमाल होता.

कौस्तुभनं खिसा चाचपला. सकाळी आईनं घडी घालून दिलेला रुमाल खिशात नव्हता.