राखणदारावरचा राखणदार

निवृत्तीनंतर मी घरबसल्या एका लिफ्टच्या कंपनीसाठी 'फंक्शनल' प्रकारच्या संगणकभाषेत प्रोग्राम लिहितो. त्यात मोठं काम शेकडो चिमुकल्या कामांत वाटलेलं असतं. एखादं काम चुकीपाशी अडखळलं, तर सावरत बसायचं नाही. मरू द्यायचं. वरचा राखणदार, म्हणजे त्यावर नजर ठेवणारा प्रोग्राम, त्याच नावाचं दुसरं, कोरं काम उभं करतो. शेजारच्यांना पत्ताही लागत नाही. राखणदारावरही राखणदार असतो. पडला तर तोही कोरा उठतो, आणि समजतो की आपणच सगळ्यांवर लक्ष ठेवून आहोत.

हिला ते पटायचं नाही. "पहिल्याच्या आठवणी गेल्याच की."

"चूक आठवणीतच असते," मी म्हणायचो.

चिमी, आमची मुलगी, अपघातात गेली. फोन मी घेतला. हिला सांगितलं तशी ही खुर्चीवरून मागे कोसळली. बांगडी फुटली. नाडी लागेना. मी डॉक्टरांचा नंबर शोधतोय तोवर उठून बसली आणि केस सारखे करत म्हणाली, "अहो, चिमीचा फोन नाही आला अजून?"

तुकडे फरशीवर होते. बांगडी हातात अख्खी होती.

माझा माझ्यावर फारसा विश्वास नाही. भास असेल म्हणून दुसऱ्या दिवशी चाचरत पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच झालं. मग मी नुसतं "येईल" म्हणू लागलो.

पण ही चिडली की थांबायची नाही. "लग्न माझ्याशी केलंत की पुस्तकांच्या कपाटाशी?" मला भांडता येत नाही. एका दुपारी मी तिच्या खुर्चीमागे फरशीवर उशी ठेवली आणि हळूच सांगितलं, चिमी गेली.

उठली तेव्हा भांडण विसरली होती. चहाही छान केला.

पुढे पुढे दूध उतू गेलं तरी मी उशी आणायचो. तुकडे केरात टाकायचो.

आज तिने चिमीचं नाव काढलं नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

"रागावलीस?"

"छे. दमले आता. तुम्ही बसा."

मी बसलो.

"नेहमीसारखं हळूच सांगते हं," ती म्हणाली.

मी मागे वळून पाहिलं.

माझ्या खुर्चीमागे उशी होती. मधोमध खोल खळगा पडला होता आणि त्यात पांढरे केस होते. माझेच. बरेच.