दोरीला दोन बाजू असतात

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी त्याच्या कपाळावर बंदूक रोखून उभी होते.

ताप मोजायची बंदूक. पांढरी, प्लॅस्टिकची, खटका दाबला की 'टिंक' वाजणारी. पण माझा आव असा की आता या तांबट आळीत कोणी हललं तर खैर नाही.

"एकशे दोन," मी आकडा वाचला आणि मागे सरकले. "तुम्हाला ताप आहे. तुम्ही इथे बसायचं नाही."

तो जमिनीवर बसला होता. पुढ्यात अर्धी घडलेली घागर, हातात हातोडा, तोंडावर निळा मास्क. मास्कच्या वर फक्त डोळे... आणि त्या डोळ्यांत ताप नव्हता. होती ती करमणूक.

"मागे बघा," तो म्हणाला.

मी बघितलं. त्याच्या पाठीशी भट्टी धगधगत होती.

"सकाळपासून हिला चिकटून बसलोय. माझं कपाळ गार लागलं असतं तर घरच्यांनी काळजी करायची."

मला हसू आलं होतं. पण मास्क असतो ना, मग काय दिसतंय. मी आवाज कडक ठेवला. "ते काही असो. नियम आहे."

"कोणाचा?"

"जहाजाचा."

त्यानं हातोडा अगदी हळू खाली ठेवला. "जहाज," तो म्हणाला, "मुठेत लागलंय का?"

तर... जहाज मुंबईला लागायचं. दर शनिवारी त्यातले थोडे प्रवासी पहाटे बसमध्ये बसून पुणं बघायला यायचे आणि संध्याकाळी परत जायचे. साल दोन हजार बावीस. साथीची तिसरी लाट नुकतीच ओसरली होती, पण धास्ती अजून होती. म्हणून जहाजवाल्यांनी नियम केला होता, की प्रवासी म्हणजे एक बबल. सगळ्यांची तपासणी झालेली, सगळे एकत्र. बबल सोडून कोणी बाहेरच्यात मिसळला तर त्याला परत जहाजावर घ्यायचं नाही. पुण्यातली फेरी माझ्या रुपाली मावशीकडे होती, आणि नियम पाळून घ्यायचं काम मावशीनं मला दिलं होतं. शनिवारपुरती मीही त्या बबलमध्ये. गळ्यात कार्ड, एका हातात ती बंदूक, दुसऱ्या हातात प्रवासी वेगळे ठेवायला बांधायची लांबलचक केशरी दोरी आणि ओठांत शिट्टी.

शिट्टीचं सांगायलाच हवं. मी उल्का, राहणार वारजे, अकरावी. नववीपर्यंत मी हजेरीला 'प्रेझेंट' इतकं हळू म्हणायचे की बाई मला गैरहजर लावायच्या. मग शाळा मोबाइलवर आली आणि मी म्यूटवरच राहिले. या फेऱ्या सुरू होताना मावशीनं हातात शिट्टी दिली. मी फुंकली, आणि रस्त्याच्या त्या टोकाचे तीन धष्टपुष्ट काका जागच्या जागी थांबले. मला आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर तो कमी करायला मी काही तयार नव्हते.

म्हणून मी त्या मुलाला समोरच्या ओट्यावर सावलीत बसवलं. प्रवासी येऊन घागरीचे फोटो काढून गेले, आणि घागर घडवणारा हाताची घडी घालून बघत राहिला. शेवटी मी परत बंदूक रोखली.

"सत्त्याण्णव. पास."

"चला," तो उठत म्हणाला, "आयुष्यात एकदा तरी नव्वदच्या वर गेलो."

*

पुढच्या शनिवारी मी दोरी बांधली ती नेमकी त्याच्या दाराला आडवी आली. खांबच तिथे होता, मी काय करणार?

"ओ दोरीवाल्या बाई," तो म्हणाला, "मी पाणी भरायला जाऊ का? की आधी जहाजाच्या कप्तानाला विचारू?"

"खालून वाकून जा. आणि मला बाई म्हणू नका, मी अकरावीत आहे."

"मग मला तुम्ही कशाला? मी बारावीत आहे."

असं आमचं तू-तू सुरू झालं. तेही सरळ नाही. त्या आळीत दोन्ही बाजूंनी दिवसभर तांबं ठोकत असतात, त्यामुळे बोलायचं ते ठोक्यांच्या मधल्या फटीत. शिवाय मध्ये दोरी, तिच्यापासून दोन्हीकडे एकेक हात जागा, आणि दोघांच्या तोंडावर मास्क. सांगा, कोणाला सुचेल प्रेमात पडायला?

"नाव काय तुझं?" ठण् ठण्.

"उल्का."

"काय?" ठण्.

"उल्का," मी जीव खाऊन ओरडले, आणि तेवढ्यात सगळी आळी गप्प झाली. एकूण एक हातोडा थांबला. माझं नाव भिंतींवर आपटत पार टोकापर्यंत गेलं. दारादारांतून माना बाहेर आल्या.

"छान नाव आहे," पलीकडून एक आजोबा म्हणाले.

मला जमिनीत जावंसं वाटलं. पण तो हसला नाही. "माझा ठोका चुकला, म्हणून थांबले सगळे," तो म्हणाला. "आमच्यात तसंच आहे. कोणाचा हातोडा मध्येच थांबला की शेजारचा थांबतो. मग त्याच्या शेजारचा. काय झालं ते बघायला."

"आणि काय झालं होतं?"

तो घागरीकडे बघत म्हणाला, "काही नाही. तुझं नाव ऐकत होतो."

मी शिट्टी फुंकली. उगाचच. एक काकू बिचाऱ्या दचकल्या.

त्याचं नाव यज्ञेश्वर. घरी यज्ञा. मी म्हटलं, एवढं मोठं नाव शाळेच्या वहीवर मावतं का? तो म्हणाला, वही आडवी धरतो.

त्याच्याशेजारी त्याचे वडील बसायचे, दिगंबर अण्णा. चार ठोके मारले की हातोडा मांडीवर ठेवून श्वास गोळा करायचे. दुसऱ्या लाटेत त्यांची फुप्फुसं निम्मी कामातून गेली, हे यज्ञानं मला सांगितलं. "इथेच बसले होते. हातोडा थांबला, शेजारी धावले, म्हणून वेळेत दवाखान्यात पोचले." मग त्यानं दोरीला बोटानं टिचकी मारली. ती थरथरत माझ्याकडच्या टोकापर्यंत आली. "एक विचारू? दर शनिवारी तू आमचा ताप मोजतेस. तुमच्या पाहुण्यांना आम्ही बाधू म्हणून. पण ते आम्हाला बाधले तर?"

"त्यांनाही नियम आहे. मास्क काढायचा नाही, दोरी ओलांडायची नाही, कारखान्याच्या आत पाय टाकायचा नाही."

"ऐकायला बरं वाटतं."

मला राग आला. त्याचा नाही... तो बरोबर बोलला याचा. "हे बघ," मी म्हटलं, "मी इथे आहे तोपर्यंत दोरी दोन्ही बाजूंनी दोरीच राहील. अण्णांच्या उंबऱ्याच्या आत कोणी येणार नाही. माझा शब्द."

त्यानं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. डोळ्यांच्या कडा जरा बारीक झाल्या, म्हणजे मास्कच्या आत तो हसला असावा. त्या हसण्याचा खालचा अर्धा भाग कसा असेल, याचा विचार मी वारज्यापर्यंत बसमध्ये करत होते. माझा थांबा गेलासुद्धा.

त्याच्या पुढच्या शनिवारी त्यानं ओट्यावर काहीतरी ठेवलं आणि स्वतः मागे सरकला. तांब्याची घागर होती, पण भातुकलीतली वाटावी एवढीशी, मुठीत मावेल अशी. अंगभर बारीक ठोके, उन्हात नुसती चमचम.

"तुझ्यासाठी."

माझा हात पुढे गेला... आणि थांबला. "बबलमध्ये बाहेरची वस्तू घेता येत नाही."

"खरंच नाही घेणार?"

"माझ्यासाठी नियम वाकवला तर प्रवाशांना कोणत्या तोंडानं सांगू?"

मला वाटलं तो चिडेल. त्यानं घागर उचलून आतल्या फळीवर ठेवली, भट्टीच्या वर, माझ्यासमोर. "ठीक आहे. इथेच आहे ती. तू बाहेर येशील तेव्हा घे."

*

मार्चअखेरच्या शनिवारी बसमधून सेठी नावाचे काका उतरले. चाळीस नातेवाइकांसह जहाजावर आलेले, गुलाबी टोपी, हनुवटीवर मास्क. बसमध्ये खोकत होते. मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. "हां हां बेटा," म्हणायचे, मास्क नाकापर्यंत न्यायचे आणि मी वळले की पुन्हा हनुवटीवर.

आळीत पोचल्यावर ते दोरीखालून सरळ वाकून पलीकडे गेले. अण्णांचा उंबरा ओलांडला, मास्क खिशात घातला, अण्णांच्या खांद्याला खांदा लावून बसले आणि मोबाइल वर धरला. "भाईसाब, हथौडा देना जरा."

अण्णा भिंतीला टेकले. त्याहून मागे सरकायला जागाच नव्हती.

मी शिट्टी फुंकली. हातोड्यांच्या आवाजात ती कुठल्या कुठे गेली. पुन्हा फुंकली. सेठीकाकांनी वळूनही बघितलं नाही. वळले ते शौनक सर. जहाजवाल्यांचे इथले मॅनेजर, नेहमी इस्त्रीचा शर्ट, नेहमी घाई.

"उल्का, रिलॅक्स. एक फोटो काढतायत ते."

"सर, त्यांनी दोरी ओलांडली. बाहेर बोलवा त्यांना. नियमाप्रमाणे ते आता जहाजावर..."

"नियम आपल्या गेस्टच्या सेफ्टीसाठी आहे. इथल्या लोकांसाठी नाही. चाळीस जणांचं बुकिंग आहे त्यांचं, कळतंय का तुला?"

मला कळत होतं. नेमकं तेच तर कळत होतं. नववीतली मी असते तर मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली असती. मी शिट्टी ओठांत धरली, पण छातीत हवाच उरली नव्हती.

तेव्हा यज्ञानं माझ्याकडे बघितलं. आणि वर उचललेला हातोडा त्यानं तसाच धरून ठेवला. ठोका पडलाच नाही.

शेजारचा थांबला. समोरचा थांबला. मग त्याच्या पुढचा... एकेक करत अख्खी आळी थांबली. माणसं उठून दारात आली, काय झालं ते बघायला. त्या शांततेत फक्त दोन आवाज होते. अण्णांची धाप आणि सेठीकाकांचा खोकला.

मी शिट्टी फुंकली. अशी फुंकली की कबुतरं उडाली.

"काका," मी म्हटलं, आणि माझा आवाज एवढासाही कापत नव्हता, "बाहेर या. त्यांच्या फुप्फुसांना तुमचा फोटो परवडणार नाही."

सेठीकाका बाहेर आले. एवढी माणसं गप्प उभी राहून बघत असली की कोणीही बाहेर येतं.

"यांची टेस्ट करा," आतापर्यंत गप्प असलेली मावशी म्हणाली. "बसमध्ये किट आहे."

पंधरा मिनिटं आम्ही सगळे उन्हात उभे. आणि टेस्ट आली निगेटिव्ह.

शौनक सरांनी ती माझ्या नाकासमोर धरली. "झालं समाधान? आता त्यांना सॉरी म्हण."

"नाही म्हणणार."

"काय?"

"नियम टेस्टसाठी नव्हता, सर. उंबऱ्यासाठी होता. टेस्ट पॉझिटिव्ह आली असती तर तुम्ही अण्णांना सॉरी म्हणाला असतात का?"

सरांनी मावशीकडे बघितलं. मावशी फार गंभीर चेहऱ्यानं आकाशाकडे बघत होती.

"कार्ड दे," सर म्हणाले. "तू या बबलमध्ये नाहीस."

मी कार्ड काढून दिलं. शिट्टी नाही दिली. शिट्टी माझी आहे.

सेठीकाका बसमध्ये चढले, सगळ्यांच्या आधी. हो, ते गेले जहाजावर. मला कळत होतं ते जाणार. मावशीनं दोरी गुंडाळली आणि ती बंदूक मुद्दाम माझ्या हातात ठेवली. "ही माझी आहे, जहाजाची नाही. संध्याकाळी घरी घेऊन ये. आणि उल्के... आज नीट ऐकू आलीस."

बस गेली. मी आळीत उभी राहिले. मध्ये दोरी नव्हती, आणि तरी मला पाऊल टाकता येईना. काय करायचं असतं दोरी नसली की?

यज्ञा आतून आला. हातात ती एवढीशी घागर. ओट्यावर ठेवायची म्हणून वाकला, थांबला, आणि तशीच माझ्यापुढे धरली. मी घेतली. भट्टीवर राहून ती गरम झाली होती.

"पुढच्या शनिवारी येणार नाहीस मग," तो म्हणाला.

"कोण म्हणालं? पीएमटीनं येईन. माझं तिकीट मी काढेन."

"कशाला?"

"घागरी बघायला."

"फक्त घागरी?"

मी घागर उलटसुलट करून बघितली. त्यानं दोन पावलं मागे जाऊन, उघड्यावर, मास्क खाली केला. पुढच्या दाताचा कोपरा तुटलेला, ओठावर नुकतीच येऊ घातलेली मिशी. मी वारज्यापर्यंत जे जे चेहरे रंगवले होते त्यातला एकही असा नव्हता. हा त्या सगळ्यांपेक्षा चांगला होता. मीही माझा मास्क खाली केला. आळीतले हातोडे सुरूच होत नव्हते, ते का ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

"पोरी," आतून अण्णा म्हणाले, "आत ये. चहा टाकलाय."

मी मास्क वर केला. पायरीशी आले तर यज्ञा आडवा.

"थांब," तो म्हणाला. "बाहेरची आहेस. नियम आहे."

त्यानं माझ्या हातातली बंदूक घेतली आणि माझ्या कपाळावर रोखली. टिंक. आकडा बघून त्यानं भुवया उंचावल्या.

"बराच जास्त आहे. काय करायचं?"

"मग काय," मी म्हटलं, "भट्टीजवळ उभी आहे ना मी."

त्यानं मागे वळून बघितलं. भट्टी आत होती, चांगली लांब. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्याचे कान तांब्यासारखे लाल झाले.

मी त्याच्या शेजारून उंबरा ओलांडला.