सहा ओळींचा फोन

"सगळे येतात फोन सुधारायला. बिघडवून मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच!"

बोईसर स्टेशनबाहेरच्या त्या वीतभर दुकानात सुजीतनं मान वर करून पाहिलं, तेव्हा रुचिताला वाटलं, उगाच आलो आपण. मग त्यानं डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं, हसला... आणि तिला वाटलं, बरं झालं आलो.

"बिघडवू नका हो," ती म्हणाली. "फक्त कंटाळवाणा करा. असा की हातात घेतला की लगेच ठेवून द्यावासा वाटेल. नोकरीची परीक्षा आलीय माझी. पुस्तक उघडते आणि दोन तासांनी कळतं, मी कुठल्यातरी बाईला केक कापताना बघत बसलेय."

"कशाचा केक?"

"तुम्ही फोन बघा ना!"

त्यानं फोन बघितला. तिचा कटिंग चहा संपून, ग्लास परत देऊन, स्टेशनचा जिना उगाचच एकदा चढून-उतरून होईपर्यंत त्यानं जुनी सगळी सिस्टिम काढून नवीन टाकली. रुचितानं फोन हातात घेतला आणि तिचा चेहराच पडला. काळाभोर स्क्रीन. ना फोटो, ना रंग, ना ते लाल ठिपके. नुसती पांढरी अक्षरं, एकाखाली एक, सहा ओळी. फोन. मेसेज. गजर. बाबा. अभ्यास. मदत.

"याच्यापलीकडचं काही उघडायला गेलात, तर तो आधी विचारणार, 'खरंच उघडायचंय?' मग थोडा वेळ थांबवून ठेवणार."

"म्हणजे माझी आईच की! फक्त आई उत्तरासाठी थांबत नाही." ती हसली. "आणि ही 'मदत' कसली?"

"अडलात तर दाबा. मला फोन लागेल." त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... दुकानाला."

किनाऱ्यावरच्या दांडी गावात, घरी आल्यावर रुचितानं फोन आईच्या, चंद्रकांताच्या ताब्यात दिला. दुपारभर ती आतल्या खोलीत अभ्यास करणार आणि फोन बाहेर फळीवर राहणार. "मी रडले तरी देऊ नको," असं बजावून ती आत गेली.

चंद्रकांताला मात्र तो फोन बघताक्षणी आवडला. आधीच्या फोनवरची ती चिमुकली चित्रं तिला कधी कळलीच नव्हती. ही मोठी मोठी अक्षरं तिनं चौथीच्या जोरावर धडाधड वाचली. आणि सहाव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"मासळीच्या बर्फाची गाडी कधी येनार रे?" तिनं दाबून विचारलं.

पलीकडून नम्र आवाज आला, "थांबा मावशी, विचारून सांगतो."

आणि खरंच विचारून सांगितलं! मग काय? गॅसचा नंबर कधी लागणार, पालघरची एसटी कुठं अडकली, नवऱ्याच्या, म्हणजे जानूच्या गुडघ्याला कुठलं मलम बरं... दिसला प्रश्न की दाबली 'मदत'. काम झालं की 'ठेवते'सुद्धा न म्हणता खटकन बंद. आत बसून रुचिता हे सगळं ऐकायची आणि पुस्तकात तोंड खुपसून हसायची.

"आई, किती राबवतेस गं त्याला!"

"त्याला काय होतंय? त्याचं कामच हाय ते. काय पन हुशार बनवलाय!"

इकडे रुचिताची वेगळीच अडचण होती. सुजीतच्या दुकानात जायला कारण हवं ना! आणि त्या फोनमध्ये बिघडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"स्क्रीन काळी दिसतेय," ती एकदा तक्रार घेऊन गेली.

"काळीच आहे ती."

"हो, पण आज जरा जास्त काळी वाटते."

त्यानं भिंग लावून, अगदी गंभीरपणे फोन उलटसुलट केला. "फोन ठीक आहे. डोळ्यांत जागरण आहे. झोपत नाही का?"

"तुम्ही डोळेपण दुरुस्त करता वाटतं?"

"नाही." तो फोनकडेच बघत म्हणाला. "त्यांच्याकडे बघितलं की माझीच कामं चुकतात."

रुचिता परतीच्या रिक्षात, तीन मावश्यांच्या आणि त्यांच्या टोपल्यांच्या मधे चेपून बसली होती, तरी तिला वाटत होतं, रिक्षा रिकामीच आहे... आणि जरा हळू चालली तर बरं.

पण ते वाक्य म्हटल्यावर सुजीत पुढं काही म्हणेच ना. तो आपला स्क्रू शोधायचा. आणि अशात एका संध्याकाळी चंद्रकांतानं भाकरी थापता थापता सांगून टाकलं, "रविवारी मुरबे गावची मानसं येतायत तुला बघायला. मुलगा मनीष. कंपनीत केमिस्ट हाय. पसंत पडलं तर सुपारी फोडूनच जातील."

रुचितानं हातातला घास ताटात ठेवला. त्यांच्याकडे सुपारी फुटली, म्हणजे लग्न ठरलं, की मग पोरीच्या मनात काय आहे ते कुणी विचारत नाही. विचारायचं ते आधी. आणि तिनं सांगायचं तरी काय? 'दुकानदार माझ्या डोळ्यांबद्दल एकदा बोलला होता'?

दुसऱ्या दिवशी ती तडक दुकानात. आता तरी तो बोलेल.

"रविवारी मला बघायला येतायत," तिनं सरळच सांगितलं.

"माहीत आहे." सुजीतनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "मुलगा चांगला आहे."

"काय?"

"मावशींनी चौकशी करायला सांगितली होती. केली मी. दारू नाही, तंबाखू नाही. कंपनीत सगळे चांगलं बोलतात. सुट्टीच्या दिवशी आईला मासे साफ करू लागतो."

रुचिता त्याच्याकडे बघतच राहिली. "मग तुम्हीच करा त्याच्याशी लग्न!"

ती गेली, आणि त्या दुपारी तिनं पुस्तक उघडलं खरं, पण अक्षरं काही दिसेनात. बाहेर चंद्रकांतानं फोन घेतला, स्पीकर लावला, 'मदत' दाबली.

"हां, सांग. काय कळलं मनीषचं?"

सुजीतनं सगळं सांगितलं. दारू, तंबाखू, मासे, सगळं. प्रामाणिकपणे. आवाज मात्र ओल्या पापडासारखा.

"मग खोट काय?"

"खोट नाही, मावशी."

"अरे कायतरी असेलच की. सांग बिनधास्त."

पलीकडे स्क्रूड्रायव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला.

"खोट त्याच्यात नाही. माझ्यात आहे. ही चौकशी मी करायला नको होती... कारण मला रुचिता आवडते."

चंद्रकांतानं फोनकडे पाहिलं. मग तो हळूच फळीवर पालथा घातला, वर पंचा टाकला आणि ओरडली, "रुचे! अगं धाव! तुझा फोन तुझ्या प्रेमात पडलाय!"

रुचिता धावत बाहेर आली.

"हळू!" चंद्रकांता कुजबुजली. "ऐकतोय तो. मशीन बिघडलं गं... दुकानात नेऊन दे."

"आई, ते मशीन नाही! तो सुजीत आहे. दुकानवाला."

"मानूस हाय?" चंद्रकांता मटकन खाली बसली. "मला वाटलं, आता फोन आपापले बोलतात. टीव्हीवर दाखवतात ना? हा तर अगदी मानसासारखं बोलायचा. मी म्हटलं, काय सुधारना केलीय!" मग तिला एकेक आठवायला लागलं. "अगो बाई... माझ्या दाताचं सांगितलं मी त्याला. तुझ्या बापाच्या घोरन्याचं. तू झोपेत भूगोल बडबडतेस ते पन..."

"आई!"

"मावशी," पंच्याखालून आवाज आला, "मी इथलाच, सातपाटी गावचा आहे. मशीन नाही."

रुचितानं पंचा ओढला, फोन उचलला. आवाजात सगळा राग शाबूत होता. "इतके दिवस काय करत होतात?"

"बर्फाची गाडी शोधत होतो."

तिला हसू आलं, आणि त्याबरोबर डोळेही भरून आले... बावळट! "आणि मला काय वाटतं, ते विचारणार की नाही?"

"मावशी ऐकतायत."

"ऐकू दे."

"...काय वाटतं?"

तिनं आईकडे पाहिलं. चंद्रकांता डोळ्यांवरून पदर फिरवत होती, रडत होती की हसत होती, कळेना. "सांग की गं," ती म्हणाली. "मुरब्याला निरोप द्यायचा तर आजच द्यायला हवा. चांगल्या मुलाला ताटकळत ठेवू नये."

"मला तुम्हीच हवे आहात," रुचिता म्हणाली. एका दमात, श्वास न घेता.

मुरब्याला जानू स्वतः जाऊन आला. आणि रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून सुजीत आला. चंद्रकांतानं आधी त्याच्या दंडाला बोट लावून बघितलं, मगच आत घेतलं. चहा झाल्यावर दोघं किनाऱ्याकडे गेली. बांबूंवर बोंबील वाळत होते, वाऱ्यानं हलत होते.

"पास झाले तर पालघरला नोकरी लागेल मला," ती म्हणाली.

"लागू दे की. बोईसर, पालघर... मधे एकच स्टेशन, उमरोळी."

"आणि नापास झाले तर?"

"तर पुन्हा बसायचं. भूगोल तुमचा पाठच आहे."

तिनं त्याला ढकललं. "आता 'तुम्ही' नको."

"बरं..." तो घुटमळला. समुद्राकडे बघितलं, बोंबलांकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तू."

एवढासा शब्द, पण तिच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात घराच्या दारातून चंद्रकांताचा खणखणीत आवाज आला, "ए, जेवायला या रे दोघं!"

दोघं... आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. रुचिताला ती हाक पुन्हा एकदा ऐकायची होती, म्हणून ती मुद्दामच जागची हलली नाही.